मामूंच्या स्पिटफायरचा क्लच

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कविता लिहिणाऱ्या माणसाला रेडिओवर बोलावलं की विषय ठरलेले असतात. पाऊस, गाव, आई, फार तर एखादा जुना मित्र. आज मी मोटारीच्या क्लचबद्दल बोलणार आहे. कार्यक्रम अधिकारी बाईंना विषय सांगितला तेव्हा त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘बोला, पण त्याचं रूपक नका करू.’ नाही करणार. क्लच म्हणजे क्लचच.

आपल्यातल्या पुष्कळांचा क्लचशी परिचय डाव्या पायापुरता असतो. म्हणून आधी थोडं सांगतो. इंजिनच्या मागच्या टोकाला फ्लायव्हील नावाचं एक जड लोखंडी चाक असतं. इंजिन चालू असेपर्यंत ते फिरतच राहतं. त्याच्या समोर गिअरबॉक्सचा दांडा येतो. या दोघांच्या मध्ये असते क्लच प्लेट, आणि तिला मागून फ्लायव्हीलवर दाबून धरते ती प्रेशर प्लेट. आमच्या कोकणात तांदळाची भाकरी दोन तळव्यांत धरून थापतात, ती आठवा. तळवे घट्ट असले तर हात फिरेल तशी भाकरी फिरते. तळवे सैल केले की हात मोकळे आणि भाकरी मोकळी. आपण पेडल दाबतो तेव्हा तळवे सैल होतात. गिअर पडतो. पाय सोडला की तळवे पुन्हा मिटतात आणि गाडी चालू लागते.

प्लेटच्या दोन्ही अंगांना घर्षणाचं अस्तर असतं. ते दर वेळी थोडं झिजतं. घाटात हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे, आणि पेडलवर पाय ठेवूनच प्रवास करणारे लोक ते लवकर संपवतात. अस्तर संपत आलं की काय होतं? चढावर वरच्या गिअरमध्ये तुम्ही ॲक्सिलरेटर दाबता, इंजिनचा आवाज चढतो, वेग मात्र वाढत नाही. मागून जळकट वास येतो. गॅरेजच्या भाषेत, क्लच घसरतो. याच्या उलट पेडल नुसतं तळाला जात असेल आणि गिअर करकरत पडत असेल, तर दोष बहुधा प्लेटचा नसतो, तेलाच्या दाबाचा असतो. हा फरक माहीत असला तर निम्मे पैसे वाचतात. ज्या गाड्यांचा क्लच तेलाच्या दाबावर चालतो, त्यांना हे लागू आहे.

मी ज्या गाडीबद्दल सांगणार आहे ती माझ्या मामूंची. रत्नागिरी जिल्ह्यातले आमचे कितीतरी लोक बोटीवर खलाशी म्हणून गेले आणि पुढे इंग्लंडातल्या कारखान्यांत लागले. मामू त्यांच्यातलेच. मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकलेले. बर्मिंगहॅमला एका लहान वर्कशॉपमध्ये ते मोटारींचे सुटे भाग घडवत. त्यांनी हौस एकच केली, एक जुनी ट्रायम्फ स्पिटफायर घेतली. १९७६ सालची, दोन माणसांची, कापडी टपाची. मामू गेल्यावर ती माझ्या मामेभावाकडे आली. २०२३ च्या जूनमध्ये मी त्याच्याकडे राहायला गेलो, तेव्हा गाडी घराशेजारच्या गॅरेजमध्ये चादर पांघरून उभी होती. क्लच घसरत होता. एका ठिकाणी विचारलं तर सामानाच्या पाचपट मजुरी सांगितली. एक गिऱ्हाईक गाडी आहे तशी उचलायला तयार होतं, पण घसरणाऱ्या क्लचच्या भावानं. भाई साठीच्या जवळ आलेला, त्याचा डावा गुडघा काम करत नाही. तो विकायच्या मनाच्या फार जवळ पोचला होता. त्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, विकू नका म्हणत होती. ‘चाचा, मी करते काम,’ ती मला म्हणाली. ‘तुम्ही फक्त वाचून दाखवा.’

काय वाचायचं, ते सांगतो. गाडीबरोबर मामूंचं वर्कशॉप मॅन्युअल होतं, तेलानं काळं पडलेलं. छापील मजकूर इंग्रजी, पण समासात सगळीकडे पेन्सिलनं बारीक अक्षरात मराठी. ‘हा बोल्ट लांब. वरचा डावा.’ ‘पुस्तकात खोटं. सीट आधी काढ.’ भाईचं शिक्षण तिकडचं. त्याला मराठी बोलता येतं, देवनागरी अक्षरं जुळवत जुळवत वाचता येतात, पण पेन्सिलीचं पुसट हस्ताक्षर लागत नाही. पुतणीला तर एकही अक्षर येत नाही. पस्तीस वर्षं त्या टिपणांचा कुणाला उपयोग नव्हता. मी बी.ए. मराठीवर झालो. त्या पदवीचा इतका रोख उपयोग मला आयुष्यात दुसऱ्यांदा झाला नसेल.

स्पिटफायरबद्दल दोन शब्द. ती १९६२ साली बाजारात आली, १९८० साली बंद झाली. इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी तिचा आकार रेखाटला. नाव दुसऱ्या महायुद्धातल्या लढाऊ विमानाचं. इंग्लंडातल्या कोव्हेंट्री शहराच्या कॅन्ली भागात ती बनत असे, मामूंच्या घरापासून तीसेक किलोमीटरवर. दिसायला ऐटबाज, पण आतला सांगाडा साध्या घरगुती गाडीचा, ट्रायम्फ हेराल्डचा. आणि हेराल्ड आपल्याला परकी नाही. मद्रासच्या कारखान्यात १९६१ पासून ती ‘स्टँडर्ड हेराल्ड’ या नावानं बनू लागली. माझ्या वयाच्या श्रोत्यांना ती आठवत असेल. बॉनेट आणि मडगार्ड मिळून अख्खं तोंडच पुढे उलटायचं आणि मेकॅनिक पुढच्या टायरवर बसून आरामात काम करायचा. स्पिटफायरचं तोंडही तसंच उघडतं.

या नात्यामुळे स्पिटफायरला एक मोठा गुण मिळाला आहे. क्लचपाशी पोचायचं तर इंजिन आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून वेगळे करावे लागतात. ते कसे करायचे हे गाडी ठरवते. एमजीबी नावाची तिची इंग्लिश स्पर्धक आहे, तिचं इंजिनच उचलून बाहेर काढावं लागतं. त्यासाठी साखळीचा क्रेन हवा. जॅग्वार ई-टाइपचं इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीनं बाहेर येतात. पोर्शे ९४४ चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो, तिथून सुरुवात करून पुढे यावं लागतं. ते काम घरी करणाऱ्याला मी सलाम करीन, पण पाना द्यायला जाणार नाही. स्पिटफायरचा गिअरबॉक्स निघतो तो गाडीच्या आतून. सीट काढायच्या, दोन सीटच्या मधला उंचवटा, म्हणजे बोगद्याचं झाकण, उचलायचं, की खाली गिअरबॉक्स समोर. तो मागे ओढून दरवाजातून बाहेर घ्यायचा. म्हणून ही गाडी घरी दुरुस्त करणाऱ्यांची लाडकी. जुनी स्पोर्ट्स कार घ्यायचं कुणाच्या मनात असेल तर रंग आणि चकाकी पाहण्याआधी विचारा, हिचा क्लच कुठून निघतो?

पण पाना लावण्याआधी एक परीक्षा होती, आणि तिच्यावर सगळं ठरणार होतं. मॅन्युअलच्या क्लचच्या प्रकरणात पहिल्याच पानावर मामूंनी अधोरेखित करून लिहिलं होतं: ‘आधी चंद्रकोर बघ.’ पुतणी म्हणाली, ‘म्हणजे ईदची?’ भाईलाही कळेना. मलाही लगेच कळलं नाही. पुढची चार पानं चाळल्यावर इंजिनच्या आकृतीत अर्ध्या चंद्रासारखे दोन वॉशर दिसले, त्यांना मामूंनी बाण काढला होता.

गोष्ट अशी आहे. आपण क्लचचं पेडल दाबतो तेव्हा तो दाब इंजिनच्या मुख्य दांड्यावर, क्रँकशाफ्टवर, पुढच्या दिशेनं येतो. तो झेलायला मागच्या बेअरिंगपाशी हे अर्धगोल वॉशर बसवलेले असतात. ते झिजले तर दांडा मागेपुढे सरकतो. फारच झिजले तर निसटून खाली तेलाच्या टाकीत पडतात, आणि मग लोखंडावर लोखंड घासून इंजिनचा ब्लॉकच कामातून जातो. ट्रायम्फच्या या इंजिनांचं हे जुनं दुखणं आहे. तसं झालं असेल तर नवा क्लच घालण्यात अर्थ नाही. गाडी भंगाराच्या भावाची.

परीक्षा सोपी आहे. एकानं आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्यानं पुढे इंजिनच्या पुलीवर नजर ठेवायची. पुली नुसत्या डोळ्यांना पुढेमागे सरकताना दिसली तर समजावं, वॉशर गेले. नीट मोजायला काट्याचं गेज लावतात. मी पेडल दाबायला बसलो. पुतणीनं गेज लावलं. भाई टायरवर बसला होता, पण पाहत नव्हता, भिंतीकडे तोंड करून होता. ‘दाबा चाचा. सोडा. दाबा.’ असं सात-आठ वेळा झालं. मग ती मॅन्युअल घेऊन आकडा ताडून पाहत बसली. त्या दोन मिनिटांत भाईनं तीनदा घसा खाकरला. ‘अब्बू,’ ती म्हणाली, ‘मापात आहे.’ भाई काही बोलला नाही, उठून त्यानं बॅटरीची तार सोडवली. म्हणजे काम सुरू.

बॅटरी आधी सोडवायचीच, कारण स्टार्टरची जाड तार सतत जिवंत असते. मग गाडी उचलायची. आणि इथे मी आवाज थोडा चढवून सांगतो: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही, कधीही, अर्ध्या मिनिटासाठीही जाऊ नये. जॅक उचलण्यासाठी असतो, तोलून धरण्यासाठी नसतो. खाली पक्क्या घोड्या लावायच्या, सपाट काँक्रीटवर, आणि खाली शिरण्याआधी गाडीला दोन्ही हातांनी हलवून पाहायचं. सात-आठशे किलोची गाडी लहान म्हणवते, छातीवर ती लहान नसते.

हत्यारं म्हणाल तर फार लागत नाहीत. गाडीचे आटे इंची मापाचे. आपले मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, नटाचे कोपरे गोल करून टाकतात. अर्ध्या इंचाची गोटी आणि रिंग पाना, मागे जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या चार बोल्टांना नऊ सोळांशाचा, आणि लांब दांडा, एवढ्यावर बरंचसं काम होतं. मी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सच्या तोंडाची आकृती काढून दिली, आणि निघालेला प्रत्येक बोल्ट आपल्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवला. हे दिसतं लहान काम, पण बोल्ट सगळे एका लांबीचे नसतात. मामूंचं ‘हा लांब, तो आखूड’ वाचत वाचत पुठ्ठा भरत गेला.

सीट, मधलं झाकण, गिअरचा दांडा, स्पीडोमीटरची केबल, शाफ्ट, स्टार्टर, सायलेन्सरची पट्टी. हे सगळं निघायला दीड दिवस गेला. क्लचचा तेलाचा सिलिंडर गिअरबॉक्सवर बाहेरून बसवलेला असतो. त्याची नळी न सोडता तो तसाच बाजूला बांधून ठेवता येतो, फक्त त्यानंतर पेडलला हात-पाय लावायचा नाही. ‘पेडलवर कागद चिकटव’ असं मामूंनी लिहिलंय. आम्ही चिकटवला. मग इंजिनखाली लाकडाचा तुकडा घालून जॅकनं आधार दिला, कारण गिअरबॉक्स निघाला की इंजिनचं मागचं टोक लोंबकळतं. बाप-लेकीनं दोन बाजूंनी धरून गिअरबॉक्स मागे ओढला आणि अल्लाचं नाव घेऊन दरवाजातून बाहेर जुन्या गोधडीवर ठेवला.

प्रेशर प्लेटचे सहा बोल्ट एकदम सोडायचे नाहीत. समोरासमोरचे, अर्धा-अर्धा फेरा, म्हणजे प्लेट वाकत नाही. पण त्याच्याही आधी एक गोष्ट. आत काळी भुकटी साचलेली असते, ती फुंकायची नाही, हवेच्या पाइपनं उडवायची तर मुळीच नाही. जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असायचं. ब्रिटननं १९९९ साली त्याच्यावर पूर्ण बंदी आणली, पण ही प्लेट मामूंनी त्याच्या आधी बसवलेली. पुतणीनं तोंडाला चांगला मास्क लावला, पाण्याचा फवारा मारला, ओल्या फडक्यानं पुसलं आणि फडकं प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद केलं. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये पोरं ही भुकटी उघड्या तोंडानं फुंकताना मी लहानपणापासून पाहत आलोय. त्यातलं कोण कशानं खोकत गेलं, कुणी मोजलं नाही.

प्लेट हातात आली. सव्वासात इंच व्यासाची. अस्तर रिव्हेटच्या डोक्यांपर्यंत उतरलेलं, पण कोरडं. हे महत्त्वाचं. प्लेटवर तेल असतं तर आधी ते कुठून गळतंय ते शोधावं लागलं असतं, नाहीतर नवी प्लेटही महिन्याभरात घसरू लागते. फ्लायव्हीलवर थोडे निळसर डाग होते, उष्णतेचे. ओरखडे नव्हते. एमरी पेपरनं घासून साफ केलं.

इथे घरी काम करण्याचा खरा हिशोब लक्षात येतो. क्लच बदलण्यात क्लच बदलायला अर्धा तास लागतो. बाकी सगळे तास तिथवर पोचायचे आणि परत यायचे. म्हणून एकदा पोचलात की तिथलं सगळं बदलून घ्यायचं. नुसती प्लेट बदलून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग जुनंच ठेवणं म्हणजे मूर्खपणा आहे, आणि पैसे वाचवण्याच्या नावाखाली तो सर्रास होतो. आम्ही तिन्ही बदलली, गिअरबॉक्सचं पुढचं ऑइल सील बदललं, रिलीज फोर्कची झिजलेली पिन बदलली.

आणि बुश. क्रँकशाफ्टच्या टोकाच्या भोकात पितळी रंगाचा एक छोटा बुश असतो, त्यात गिअरबॉक्सच्या दांड्याचं टोक फिरतं. बोटभर भोक, मागून बंद, धरायला काही नाही. तो काढायची जगभर प्रसिद्ध युक्ती म्हणजे भोकात पावाचा गर ठासून भरायचा, बरोबर मापाचा दांडा घालून हातोडी मारायची. गर बुशच्या मागे जाऊन त्याला पुढे ढकलतो. पुतणी स्वयंपाकघरातून पाव घेऊन आली, तिच्यामागे भाभी. ‘अन्नाला हातोडा मारता?’ भाभीनं पाव काढून घेतला. आमच्या घरांत पडलेला भाकरीचा तुकडासुद्धा उचलून डोळ्यांना लावतात, तिचं बरोबरच होतं. मी मॅन्युअल चाळलं. मामूंच्या घरातही हा प्रसंग होऊन गेला असावा, कारण तिथे लिहिलं होतं: ‘पाव नको. ओला पेपर.’ वर्तमानपत्राचे भिजवलेले बोळे कोंबले, आणि पाचव्या घावाला बुश बाहेर आला. रविवारच्या पुरवणीचा होता की नाही, पाहिलं नाही. नवा बुश रात्रभर तेलात भिजत ठेवून बसवला.

परतीच्या वाटेवर सगळ्यात अवघड जागा गिअरबॉक्स पुन्हा आत घालण्याची. नवी प्लेट कुठल्या अंगानं बसते ते तिच्यावर लिहिलेलं असतं, ते पाहायचं. दांड्याच्या दातांवर ग्रीस अगदी नावापुरतं लावायचं. जास्त झालं तर ते अस्तरावर उडतं. प्लेट नेमकी मध्यावर यावी म्हणून प्लॅस्टिकचा एक दांडा मिळतो, तो घालून मगच सहा बोल्ट आवळायचे. मग गिअरबॉक्स सरळ रेषेत पुढे ढकलायचा. दांड्याचे दात प्लेटच्या दातांत बसले नाहीत तर तो दोन इंचांवर अडतो, आणि तिथे माणसाचा धीर सुटतो. बोल्ट आवळून त्याला ओढून घ्यावंसं वाटतं. तसं केलं किंवा त्याचा भार प्लेटवर लोंबकळू दिला, तर नवी प्लेट वाकते आणि सगळं पहिल्यापासून. मामूंनी तिथे एकच शब्द तीनदा लिहिलाय: ‘जोर नाही. जोर नाही. जोर नाही.’

संध्याकाळचे साडेआठ, इंग्लंडात जूनमध्ये तेव्हा ऊन असतं. भाई आणि पुतणी गाडीत गुडघ्यांवर, गिअरबॉक्स दोघांच्या हातांत, गिअर टाकलेला. मला मागून शाफ्टची चकती हळू फिरवायला सांगितलं होतं, म्हणजे दात जुळतील. मी फिरवत होतो. ‘अजून.’ फिरवली. ‘अजून थोडी.’ भाईचा गुडघा थरथरत होता, ते मला दिसत होतं. तो म्हणाला, ‘उतरवू या, उद्या बघू.’ पुतणी म्हणाली, ‘एकदाच.’ मी केसभर फिरवली, आणि गिअरबॉक्स आपण होऊन आत गेला, दार लागावं तसा.

बाकीचं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झालं. बोल्ट पुठ्ठ्यावरून आपापल्या भोकांत गेले. सिलिंडर जागेवर आला, नळीतली हवा काढून नवं तेल भरलं. तिसऱ्या दिवशी गाडी घराजवळच्या चढावर नेली. पुतणी चालवत होती, भाई शेजारी, मी फुटपाथवर, कारण गाडीला सीट दोनच. आवाज आणि वेग बरोबरीनं चढले.

पहिले काही शे किलोमीटर नव्या क्लचला जोरात पळवायचं नाही, अस्तर बसू द्यायचं, हे ज्यांना उपयोगी असेल त्यांच्यासाठी सांगतो.

गिऱ्हाइकाचा फोन आला तेव्हा भाई बोलत होता आणि पुतणी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. त्यांचं काय ठरलं ते त्यांच्या घरात. मी निघायच्या आदल्या रात्री तिनं मॅन्युअल माझ्यापुढे ठेवलं आणि टोक केलेली पेन्सिल दिली. क्लचच्या प्रकरणाच्या शेवटी मामूंची ओळ होती, ‘क्लच बदलला. सप्टेंबर १९८८.’ तिच्याखाली मी लिहिलं, ‘क्लच, बेअरिंग, बुश, पुढचं सील बदललं. जून २०२३. चंद्रकोर मापात.’ तिनं मला ते मोठ्यानं वाचायला लावलं, मग प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून पुन्हा वाचायला लावलं. सकाळी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर तेलाचा रुपयाएवढा डाग होता. भाई वाकून बघत म्हणाला, हे आपण हात लावलेल्या जागेचं नाही, पुढच्या सीलचं आहे, ते पुढच्या वर्षी.